अजून दोन बोटं

आमच्या शेणव्यात येसूदादांच्या अंगणात गेलात, तर चहा नंतर मिळतो. आधी ते तुम्हाला जीपपाशी उभं करतात आणि म्हणतात, "डोळं मिटा. हात फिरवा."

कापलेल्या मडगार्डाच्या कडेवरून, पुढच्या चाकापासून दारापर्यंत, डोळे मिटून हात न्यायचा. मध्येच डोळे उघडले तर पुन्हा पहिल्यापासून. पोस्टमन, विम्याचा एजंट, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांनी हात फिरवले आहेत. शेवटी ते अगदी कानाशी येऊन हळूच विचारतात, "टोचलं का कुठं?" भर दुपारी अंगावर काटा येतो.

मुलांनो, पुढच्या सुट्टीत तुम्ही गावी याल तेव्हा तुमच्यावरही ही पाळी येणार, म्हणून येसूदादा कोण ते आधीच लिहून ठेवते.

येसूदादा आमचे शेजारी. सारी नोकरी भातसानगरला, धरणावरच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिला कापायला बसले.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का, वैशाखऱ्याच्या वर डोंगरातल्या एका पाड्यावर राहायची. आई गेल्यावर येसूदादांना तिनेच वाढवलं. पाड्यावरची घरं एकेक करून खाली रस्त्यालगत आली. आक्काशिवाय एकच घर उरलं होतं, आणि तेही होळीआधी उतरणार होतं. मग तिला भाकरी द्यायलाही कोणी नाही. कंबर मोडल्यापासून तिला अंगणापलीकडे चालवत नव्हतं. डोली करून आणतो म्हटलं, तर तिनं येसूदादांना सुनावलं, "मानूस खांद्यावर एकदाच निघतं. मी अजून जिती हाय. दारात गाडी आन, मंग येन."

दार आणि गाडी यांच्यामध्ये एक ओढा होता. त्याचा पलीकडचा काठ इतका उभा, की चाक चढायच्या आधीच बंपर मातीत घुसायचा. म्हणून येसूदादांनी बंपरची दोन्ही टोकं उडवली. त्यांच्या भाषेत, गाडीची शिंगं उतरवली. तरी चढेना, म्हणून मोठे टायर घातले. ते वळताना मडगार्डाला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापायला घेतले.

त्याचीही पद्धत होती. टायरला कालवलेला चुना फासायचा, एक चाक रिकाम्या खाचराच्या बांधावर चढवायचं आणि स्टिअरिंग पुरतं वळवायचं. मडगार्डाच्या आत जिथे पांढरं उमटेल, तिथे कापायचं. "अजून दोनच बोटं, बाई," म्हणत त्यांनी वर्षभर कापलं. मी एकदा म्हटलं, "दादा, शेवटी चार टायर आणि तुम्ही, एवढंच उरेल."

"तेवढं पुरं हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

कापण्याहून घासणं जास्त. एकेक कड ते आठवडाभर कानशीने घासत बसायचे. नुसत्या चढासाठी एवढी गुळगुळीत कड कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कापलेल्या पट्ट्या त्यांनी अंगणातल्या जांभळीला टांगल्या होत्या. पानही हलत नसताना त्या वाजायच्या. एका सकाळी झाडाखाली नारळ आणि कुंकू दिसलं. "देव नाय रे, मडगार्ड हाय ते!" येसूदादा रस्त्यावर उभे राहून ओरडले. दुसऱ्या दिवशी दोन नारळ होते. त्यांनी चटणी केली. मी मात्र दुपारी त्या झाडाखालून जाणं सोडलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दुसरा रस्ता तसाही जवळचाच होता.

पट्ट्या टांगल्या होत्या त्या आवाज पारखायला. सगळ्यात खणखणीत पट्टी ते चढ अजमावायच्या दर खेपेला ओढ्यावर न्यायचे आणि तीनदा वाजवायचे. वरून आक्का दारात टांगलेला नांगराचा फाळ तीनदा वाजवायची. लहानपणी गुरांमागे रानात गेलेल्या भावाला ती तसंच घरी बोलवायची.

पौषात एका सकाळी ते दारात आले. "बाई, तुमी चला. आक्काला निरोप धाडलाय. तिला धरायला बाईमानूस पायजे."

किन्हवली, सरळगाव करत आम्ही निघालो. मडगार्ड कापल्यावर धूळ कुठे जाते, ते मला त्या दिवशी कळलं. माझी पांढरी साडी सरळगावच्या अलीकडेच तांबडी झाली. वैशाखऱ्याच्या पुढे धुकं लागलं. ओढ्यावर येसूदादांनी पट्टी तीनदा वाजवली.

वरून काही आलं नाही.

पुन्हा तीनदा. धुक्यात पानांवरून थेंब गळत होते, तेवढाच आवाज. "धरा," म्हणून येसूदादांनी पट्टी माझ्या हातात दिली. ती अजून थरथरत होती.

जीप काठाला भिडली आणि तिचं नाक वर गेलं. काचेपलीकडे नुसतं पांढरं. चाक वळलं. मी घासल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. कुठे काही घासलं नाही. आम्ही वर होतो. ज्यासाठी वर्ष घालवलं ते झालं, आणि येसूदादांच्या ते लक्षातही आलं नाही.

पाड्यावरच्या घरांची दारं लोकांनी काढून नेली होती. चौकटी तशाच आ वासून उभ्या. शेवटच्या घरापुढे जीप थांबली. दारात फाळ नव्हता. नुसती रिकामी तार हलत होती.

येसूदादा स्टिअरिंग धरून बसून राहिले. "बाई," ते म्हणाले, "तुमीच बघता का?"

मी उंबऱ्यापाशी गेले. आत काळोखात कुणीतरी गाठोड्यावर बसलं होतं.

"येस्या, किती येळ रं?" आतून आवाज आला. "पट्टी कसली बडवत बसलास?"

येसूदादा धडपडत उतरले. "मंग तू वाजवलं का नाय गो?"

"कशानं वाजवू? फाळ बांदून घेतलाय. घर सोडायचं, तर तो हितं ठेवू?" तिच्या मांडीवर फडक्यात घट्ट गुंडाळलेला फाळ होता.

मी तिला धरून बाहेर आणलं. ती माझ्याशी बोलत होती, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी जात होती. आक्काला दिसत नव्हतं. येसूदादांनी हे कधीच सांगितलं नव्हतं.

जीपपाशी तिनं माझा हात सोडला. शिंगं उतरवलेल्या बंपरवर तळवा ठेवला आणि गाडीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत कडेवरून हात फिरवत निघाली. बंपर, चाकावरची कमान, दार. बोटं कुठेही अडली नाहीत.

"टोचलं का गो कुठं?"

"ताटाच्या काठावानी लागतंय रं," आक्का म्हणाली, आणि कापलेल्या कडेवरून तिनं हात पुन्हा एकदा, सावकाश, मागे नेला.

येसूदादांनी डोळे मिटून घेतले होते.