अण्णांचा चीन

निपाणीत मला थारा दिला तो आदाप्पा अण्णांनी, हे आधी सांगतो, बाकीचं मग. मराठी चौथीनंतर शाळा सुटलेला मी मालवणाकडचा परका माणूस. त्यांनी मला आपल्या तंबाखूच्या वखारीत काम दिलं आणि घरच्या सोप्यात पथारी टाकू दिली. मला मात्र रोज वाटे, उद्या काढतील.

अण्णा अमेरिकेला सल्ला देत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. कोल्हापूरहून शिळा पेपर येई, तो वाचून ते तापत. अमेरिका समोर नसल्यामुळे ऐकावं मला लागे.

"चीनला पैका दिला, बंदुका दिल्या. तिथं आज ह्याचं राज्य, उद्या त्याचं. म्हणून सोडता येतंय व्हय? डळमळीत दोस्ताला धरूनच ऱ्हावं लागतंय, सदा. न्हाय तर पडतोय तो आपल्याच अंगावर."

अण्णांचा स्वतःचा चीन शेजारीच राही: चुलतभाऊ तवनाप्पा. त्याच्या घरात तिघे भाऊ, आणि कोठाराची किल्ली कधी कुणाच्या कमरेला असेल याचा नेम नाही. अण्णा तिकडे गूळ धाडत, जोंधळा धाडत, सल्ला धाडत. सल्ला तेवढा परत येई.

शिवाय तवनाप्पा रोज अण्णांच्या पंगतीला. जैनांचं घर; दिवस मावळला की अन्नाला हात नाही. मी वखारीतून यायचो अंधार पडल्यावर. माझं ताट चुलीपाशी झाकलेलं. झाकल्या ताटाला कोणी 'आणखी घे' म्हणत नाही. तवनाप्पाला अण्णा स्वतःच्या हातानं तूप वाढतात, हे त्यांच्या बायकोकडून, आक्कांकडून कळलं, आणि माझी भाकरी गोड लागेना.

एकदा बोललोच. "अण्णा, सगळं त्यांनाच."

"तू भक्कम राष्ट्र हायस रं. तुला कशाला मदत?"

मग मीही डळमळायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वखारीत सांगितलं, "माझं इथं मन लागत नाही. संध्याकाळच्या मोटारीनं गावी जातो."

वाटलं, आता तूप येईल. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले आणि पेपरची घडी घातली. माझी पाचावर धारण बसली.

बोचकं घेऊन मोटारीपाशी गेलो. मोटार आली, गेली. माझा पाय उचलेना. माफी मागायला परतलो तोवर दिवस बुडाला होता.

सोप्यात अण्णा बसलेले. पुढं दोन ताटं, दोन्ही झाकलेली.

"तवनाप्पा?" मी विचारलं.

"त्याला लावला वाटंला. म्हटलं, आज दुसरा पावना हाय."

"आणि तुम्ही जेवला नाहीत?"

"जायच्या आदी दोन घास खायला येशील म्हणून बसलो. बसता बसता दिवस गेला."

"आता?"

"आता सकाळीच. तू जेव."

तूप त्यांनीच वाढलं. मी नको म्हणत होतो.

"त्यो चीन बोंबलतोय, म्हणून कळतंय तरी," ते म्हणाले. "तू गप ऱ्हातोस, लेका. आमाला कसं कळायचं?"

माझं ताट रिकामं होईपर्यंत ते उपाशी पोटी समोर बसून होते.

हे अजून फिटलेलं नाही. पण माझं स्वतःचं घर होईल तेव्हा, ऊन असताना, पहिला पाट अण्णांचा. तूप मी वाढीन, आणि ते नको म्हणाले तरी हात आवरणार नाही.