देवगिरीच्या दारात स्वामी

देवगिरी पडली, कारण तेव्हा मी जन्मलो नव्हतो! हसू नका. सन दोन हजारच्या उन्हाळ्यात, पेठ बीडमधल्या आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, मी ती वाचवली होती. म्हणजे वाचवतच आणली होती.

त्याचं असं झालं, दुकानाची बिलं छापायला म्हणून मी वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मागं लागून कॉम्प्युटर घेववला. गल्लीतला पहिलाच! अप्पांनी मॉनिटरच्या कपाळी भस्माची तीन बोटं ओढली. आईनं त्याला फुलाफुलांची खोळ शिवली. चपला बाहेर काढल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. बिलं मात्र अप्पा हातानंच लिहीत राहिले. मग कॉम्प्युटरनं तरी नुसतं बसून काय करायचं? मी औरंगाबादहून एका खेळाची सीडी आणली.

खेळ असा, की जुन्या काळातलं एक राज्य निवडायचं आणि टिकवून दाखवायचं. शेतं पिकवायची, कोठारं भरायची, सैन्य सांभाळायचं. देवगिरीच्या यादवांपुढं तिथं लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'फार अवघड'. असणारच हो! डोक्यावर दिल्ली, बगलेत वरंगळ, पायाशी द्वारसमुद्र. लग्नाच्या जीपमध्ये चौघांच्या मधे कोंबलेल्या पाहुण्यासारखी गत! दुसरा कुणी असता तर दिल्ली घेऊन मोकळा झाला असता. मी यादव घेतले!

सुरुवातीला लई मार खाल्ला. एकदा वरंगळवाल्यांनी लुटलं. एकदा तर मी सैन्याचा पगार द्यायचा विसरलो आणि माझ्याच सेनापतीनं मला गादीवरून ओढून काढलं! पण हळूहळू हात बसला. वरंगळशी सोयरीक केली, खंदक पाण्यानं भरला, कोठारात धान्य रचलं. आता फक्त दिल्लीचा वेढा तेवढा परतवायचा राहिला होता.

नेमकं त्याच वेळी घरात माझ्या लग्नाचं निघालं.

तेलगावच्या मोहनरावांची ईश्वरी. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "बीडला लाइट लई जाते का हो?" एवढंच! पण माझं काम तिथंच तमाम झालं. लग्न करीन तर हिच्याशीच!

अडचण होती मोहनरावांची. माणूस ऊस-कापसाचा मोठा शेतकरी, आवाज खणखणीत आणि पारख कडक. एक स्थळ त्यांनी 'पोरगं थोरामोठ्यांसमोर पाय हलवतंय' म्हणून परत पाठवलं होतं. दुसरं, 'बापाला उलटून बोलतंय' म्हणून. त्यात देवगिरीचं त्यांना भलतं वेड! दरसाल किल्ला चढून यायचे.

"दिवसभर काय करता?" त्यांनी मला विचारलं.

आता गप 'दुकान बघतो' म्हणावं की नाही? पण दाराआडून बांगड्या वाजल्या आणि माझी छाती फुगली. "दुकान बघतो. अन् कॉम्प्युटरवर देवगिरी राखतो!"

"राखतो म्हंजी?"

"दिल्लीला घेऊ देत न्हाई!"

मोहनराव पुढं सरकून बसले. "येत्या रविवारी घर बघायला येतोच हाव. तवा दाखवा!"

रविवारी मी सगळी तयारी करून ठेवली. दिल्लीचं सैन्य गडाखाली तंबू ठोकून बसलेलं, त्यांची रसद संपत आलेली. पाहुणे बसले की थांबवलेला खेळ चालू करायचा, दिल्ली हात हलवत माघारी जाणार आणि मोहनराव तिथंच पसंती सांगणार. असा सगळा बेत!

मोहनराव आणि त्यांच्या मंडळी बायनाबाई, दोघं आले. 'शरणार्थ-शरणार्थ' म्हणत नमस्कार झाले. बायनाबाई स्वयंपाकघरात आईकडं गेल्या. मोहनराव चपला काढून कॉम्प्युटरपुढं बसले, शेजारी अप्पा. मी खेळ चालू केला.

"हे तंबू कुणाचे?"

"दिल्लीचे."

"अन् आपल्याकडं दाणागोटा हाय का?"

'आपल्याकडं' म्हणाले! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मोप हाय! त्यांचाच संपत आलाय. घडीभरात जातात बघा माघारी."

"मंग काय फिकीर न्हाई!" मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. "दार तेवढं उघडू नका! काय बी होऊ द्या, दार न्हाई उघडायचं!"

तेवढ्यात आतून आईची हाक आली, "रव्या, बाईंच्या पाया पडलास का न्हाई?"

"अप्पा, कशाला हात लावू नका हं," असं बजावून मी आत गेलो. बायनाबाईंच्या पाया पडलो. आईनं फराळाची ताटली पुढं केली. आणि बाहेरून अप्पांचा आवाज आला, "अरे, स्वामी आले की! दारात स्वामी!"

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमचे गुरू जंगमस्वामी दारात आले, की घरात काहीही चालू असो, आधी दार उघडायचं, पायावर पाणी घालायचं, पान वाढायचं. स्वामी दारातून उपाशी गेले असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मोहनरावांचं घरही त्याच रीतीचं.

मी धावत बाहेर आलो. पडद्यावर गडाच्या दारात भगवी कफनी घातलेली, कपाळाला भस्म, हातात दंड असलेली माणसं उभी होती. खाली इंग्रजीत मजकूर, एक हिरवं बटण आणि एक लाल. मोहनराव हात जोडून उभे राहिलेले!

"बघत काय बसलाव विरुपाक्षअप्पा? दार उघडा आधी! उन्हात उभे हायेत स्वामी!" ते अप्पांना म्हणाले.

मला दिसत होतं ते काय आहे! पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसते दोन्ही हात हलवले.

"हो हो, उघडतोय, घाई करू नको!" म्हणत अप्पांनी हिरवं बटण दाबलं.

दार उघडलं. स्वामी आत आले. आणि आत येताच पळत सुटले!

"स्वामी पळायलेत कावून?" अप्पांनी विचारलं.

कफन्या खाली पडल्या. आतून चिलखतं निघाली, दंडातून तलवारी निघाल्या! दिल्लीचे हेर ते! त्यांनी मोठा दरवाजा सताड उघडला आणि सगळी फौज गडात शिरली.

"घात झाला!" मोहनराव ओरडले. "विरुपाक्षअप्पा, लाल दाबा, लाल!"

अप्पांनी लाल दाबलं, हिरवं दाबलं, कीबोर्डावरचं दिसेल ते दाबलं. कोठारं पेटली. हत्तीखान्यातले हत्ती आमच्याच सैन्यावर धावले. झेंडा उतरला आणि पडदा काळा झाला.

अप्पा आणि मोहनराव काच फोडलेल्या पोरांसारखे खाली बघत उभे.

"रव्या," अप्पा पुटपुटले, "मला वाटलं, स्वामी उपाशी जातील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी अप्पांचा खांदा धरला आणि नुसती मान हलवली. मनात म्हटलं, गेली देवगिरी, आणि गेली ईश्वरीसुद्धा!

मोहनरावांनी अप्पांच्या खांद्यावरच्या माझ्या हाताकडं बघितलं. मग त्यांचा खणखणीत आवाज जरा ओला झाला.

"विरुपाक्षअप्पा, पोराचं अख्खं राज्य आपण दोघांनी घालवलं. पण पोरगं बापाला एक शब्द बोललं न्हाई. उलट खांद्यावर हात ठेवला! असं पोरगं आजकाल कुठं हाय? आमची पसंती हाय. साखरपुड्याची तारीख काढा!"

आईनं आतून साखर आणली. अप्पांनी मला मिठी मारली. मला तर आनंदानं काही सुचेना! पावसाळ्याआधी लग्न झालंसुद्धा.

लग्नानंतर एके दिवशी मी ईश्वरीपुढं जरा भाव खात बसलो होतो. "तुझ्या वडलांनी मला कशावर पसंत केलं ठाऊक हाय ना? माझ्या सबुरीवर! राज्य गेलं, पण मी ब्र काढला न्हाई."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"कसला ब्र काढताव! तुमच्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू होता. आमची आई तुमच्या सयपाकघराच्या दारातून बघत होती की! घशात अडकला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, अन् ठसका लागला म्हणून मामंजींचा खांदा धरला."

मी कान खाजवला. सगळं खरं होतं!

"मग तुमी मायलेकींनी वडलांना सांगितलं कावून न्हाई?"

"कशाला सांगायचं?" ती उठली, फडताळातून डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "नवरा कशानं गप बसतो, ते लग्नाआधीच कळलं. अजून काय बघायचं असतंय?"

मी तोंड उघडलं. तिनं त्यात लाडू घातला.