उकळलेलं पाणी आणि हटून बसलेली डहाळी

या, असे पुढे सरका. दाराशी बसलं की गोष्ट अर्धीच कानी पडते, आणि ही अर्धी ऐकाल तर एका भल्या माणसाला उगाच दोष द्याल.

एका शाळेच्या प्रयोगशाळेत एक काका होते. काम परीक्षानळ्या धुण्याचं, पण जीव सगळ्यांना लावायचे, कपाटातल्या बेडकाच्या सांगाड्यालासुद्धा. त्या दिवशी विज्ञानाच्या नव्या बाईंचा पाठ बघायला तपासनीस साहेब यायचे होते. पाठ पसंत पडला तर बाई नोकरीत कायम, नाहीतर घरी. काकांनी सकाळीच छातीवर हात ठेवला. "बाई, तुम्ही फक्त बोला. मांडामांड माझ्याकडे लागली."

प्रयोग साधा. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात हायड्रिला या पाणवनस्पतीची डहाळी, समोर दिवा. दिवा जवळ आणला की उजेड वाढतो, पानं जोरात अन्न करू लागतात आणि प्राणवायूचे बुडबुडे भराभर वर येतात. मुलांनी ते मोजायचे.

बाईंनी दिवा दोन हात लांब ठेवला. बुडबुडा नाही. हातभर अंतरावर आणला. नाही. वीतभरावर आणला, तरी डहाळी आपली पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या पोरासारखी गप्प. साहेब भांड्यावर वाकलेले. दिव्याच्या धगीनं त्यांच्या टकलावर घामाचे मणी जमले, पण पाण्यात एक मणी फुटेना. काकांनी मनात देवाला साकडं घातलं आणि न राहवून सांगून टाकलं, की झाडाच्या सेवेत काही कमी नाही. पाणीसुद्धा बाधू नये म्हणून दहा मिनिटं खळखळ उकळून, गार करून दिलंय.

"काका, उकळलंत?"

"घरी नातवाला देतो तसंच, बाई."

बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या मुलांकडे वळल्या. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उकळताना उडून गेला, म्हणाल्या. चुलीला कितीही जाळ घाला, पातेलंच रिकामं तर शिजणार काय? तो वायू आपल्या उच्छ्वासात असतो. त्यांनी पाण्यात फुंकायला काकांच्या हाती काचेची नळी दिली. काका रोज देवापुढे पदं म्हणणारे, दम दांडगा; असे फुंकले की साहेबांच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. नळी काढली, पाणी निवळलं, सगळे थांबले. मग मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला, त्यामागे दुसरा, आणि रांगच लागली. दिवा मागे नेला की रांग रेंगाळे, पुढे आणला की धावे.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "आधी फसवून मग उलगडा. बेत छान आखलात."

नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. बाई म्हणाल्या, "बेत नव्हे साहेब, चूक होती. आणि काकांची नाही. पाणी कुठलं, हे मीच विचारलं नव्हतं."

काकांनी फडकं उचलून कोरडंच टेबल पुसायला घेतलं. साहेबांनी कागदावर 'कायम करावे' असं लिहिलं, आणि जाता जाता वर्गाला विचारलं, उजेड वाढवला तर काय वाढतं?

पहिल्या बाकावरची मुलगी वही बघून म्हणाली, "आधी तुमचा घाम, मग बुडबुडे."

तर बाबांनो, पाण्यातली डहाळी उजेडाकडे सरकवाल तेव्हा पाणी साधंच घाला, आणि त्या काकांची आठवण असू द्या.