झोपून पाहा, मग घ्या

धंद्यात यशस्वी झालेला माणूस कामात असतो. त्यामुळे यशस्वी कसे व्हावे हे सांगण्याची जबाबदारी ज्यांच्या दुपारी मोकळ्या असतात अशांवर येऊन पडते, आणि ती ते निष्ठेने पार पाडतात. (या व्यवस्थेत कोणाचे नुकसान झाल्याची तक्रार नाही. ज्यांचे झाले, ते पुढच्या वर्षी व्याख्याते झाले.)

आमचे गादीवाले अशांपैकीच. गाद्यांचे दुकान त्यांनी स्वबळावर, कोणाचीही मदत न घेता बुडवले. 'झोपून पाहा, मग घ्या' ही पाटी त्यांच्याच डोक्यातून निघालेली. दाराशी मऊ गादी, वर उशी, पायथ्याला पांघरूण आणि डोक्यावर पंखा. लोक आले, चपला काढल्या आणि सांगितल्याप्रमाणे झोपून पाहू लागले. समोरचा औषधवाला तर जेवण उरकून रोज यायचा. भिंतीकडची बाजू त्याची ठरलेली.

"हळू बोला हो," तो गादीवाल्यांनाच दटावायचा, "पोस्टमनचा आत्ताच डोळा लागलाय."

वर्षअखेरीस परिसरातील विश्रांतीत अडीच पट वाढ झाली आणि विक्री दोन उशांची. (त्यातली एक परत आली.)

हे वृत्त कळताच उद्योजकांच्या परिषदेने गादीवाल्यांना 'अपयशाचे व्यवस्थापन' या सत्रात सन्मानाने बोलावले. त्यांनी तत्त्वे सांगितली: गिऱ्हाइकाला घरच्यासारखे वाटू द्या, विकण्याचा विषय आपण होऊन काढू नका, निर्णय घ्यायची वेळ आली की समिती नेमा. लोकांनी भराभरा वह्या भरल्या. याच तत्त्वांनी दुकान बुडाले होते, पण हा मुद्दा फारच तांत्रिक असल्याने कोणी काढला नाही. आमंत्रणे वाढली. मानचिन्हांसाठी भिंतीत फळ्या ठोकाव्या लागल्या.

इकडे गादीवाले दौऱ्यावर असताना त्यांच्या पत्नीने दुकानाचे शटर वर केले. पहिल्या दिवशी पाटी काढली. दुसऱ्या दिवशी औषधवाला आला.

"उठा भावोजी," बाई म्हणाल्या. "ही घरी न्या आणि हवं तेवढं लोळा."

त्याने नेली. मग पोस्टमनने नेली. दौऱ्यावरून परतताना गादीवाल्यांना दारात गाद्या लादलेली हातगाडी दिसली आणि त्यांच्या काळजात धस्स झाले.

धस्स होण्याचे कारण त्याच संध्याकाळी फोनवर आले. परिषदेचे संयोजक बोलत होते.

"साहेब, वाईट बातमी कानावर आलीय. दुकान चालायला लागलं म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"आमच्या सासूबाईंनीच गादी घेतली. फार छान आहे म्हणतात. आता मुख्य भाषण तुमचं लावलंय, हजार माणसं यायचीत. आम्ही त्यांना तोंड कसं दाखवायचं?"

"यशाच्या सत्रात नाही का बसवता येणार?"

"ते सत्र बंद केलं. दुकान सोडून यायला कोणी तयारच होईना."

गादीवाले रात्रभर विचार करून सकाळी सल्लागार म्हणून दुकानात रुजू झाले.

"अहो, पाया पडते, दुकानात येऊ नका."

"अगं, हजार माणसं माझं ऐकतात!"

"ती गाद्या घेतात का?"

"ती प्रेरणा घेतात."

बाई गिऱ्हाइकाकडे वळल्या तोवर पाटी पुन्हा लागली होती. नंतरचे सगळे शास्त्रोक्त पार पडले. गिऱ्हाइकांना घरच्यासारखे वाटले. विकण्याचा विषय कोणी काढला नाही. समिती नेमली, तिच्यावर औषधवाला आणि पोस्टमन आडव्या स्थितीत बिनविरोध निवडून आले. बाई रोज पाटी काढत, समिती रोज ती एकमताने लावी. दुकान पहिल्या वेळेच्या निम्म्या मुदतीत बुडाले. (अनुभव वाया जात नाही तो असा.)

बाईंनी शटर ओढले आणि किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

परिषदेच्या दिवशी गादीवाले नवा कोट घालून प्रवेशद्वाराशी पोचले. फलकावर लिहिले होते: 'चालते दुकान आणि नवऱ्याचा सल्ला'. मुख्य वक्त्या म्हणून नाव बाईंचे होते.

"अहो, पण दोनदा बुडवलं ते मी!" ते कळवळून म्हणाले.

"तसं नाही साहेब," संयोजकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "स्वतःचं दुकान कोणीही बुडवतं. त्यांचं चांगलं चालतं दुकान दुसऱ्याने बुडवलं. याला केस स्टडी म्हणतात. तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

खुर्ची लाकडी होती आणि तिच्यावर उशी नव्हती.

बाई मंचावर आल्या. भरगच्च सभागृहाकडे त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही सगळे इथे आलात, तर दुकानात कोण आहे?"

हजार माणसांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली रेघ मारली.

सुदैवाने आपण त्यांच्यातले नाही. आपण हे केवळ गंमत म्हणून, कामाच्या वेळात, वाचत आहोत. (बाहेर मघापासून कोणी तरी "आहे का कोणी?" म्हणून हाका मारते आहे. त्याला म्हणावे थांब, शेवटचीच ओळ राहिली आहे.)