पंधरा वर्षांनंतरच्या लढाया

आमच्या घरात मिक्सर बिघडला तर सरळ दुकानात जाता येत नाही. आधी मोठेबाबांसमोर उभं राहावं लागतं.

"भाऊजी, नवीन मिक्सर लागते," आईने सांगून पाहिलं होतं.

"वस्तू नोको सांगू. काम सांग."

"चटणी वाटाची हाय."

"किती लोकायची? लाइन गेल्यावर कशी वाटशील? बिघडला तं दुरुस्त कोन करन?"

"लाइन गेल्यावर तुमच्या डोक्यावर वाटीन," आई आत जाताना पुटपुटली. मोठेबाबांनी तेवढं सोडून बाकी सगळं वहीत लिहिलं. मिक्सर आठ दिवसांनी आला. त्याआधी अडगळीतला पाटा बाहेर निघाला, त्याला टाकी लागली, आणि मिक्सर उघडून पुन्हा जोडायला आईला शिकावं लागलं. आज दोन्ही चालू आहेत. मोठेबाबांचं बरोबर होतं, हे आई कबूल करत नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावातली पोरं त्यांना विचारायची, "भाऊ, लढाईत कितीले मारलं?" यावर ते छाती पुढे काढून सांगायचे, "एकालेही नाई. मी पंधरा वर्षांनंतरच्या लढाया टाइप केल्या."

ही थाप नव्हती. दिल्लीला मुख्यालयातल्या ज्या कचेरीत ते क्लार्क होते, तिथे पुढच्या पंधरा वर्षांत सैन्याला काय काय करता आलं पाहिजे, याचे आराखडे बनत.

"तोफखान्याले तोफ पायजे, रणगाडेवाल्याले रणगाडा," ते मला समजावत. "दोघंही साहेबापुढं भांडून राह्यले. आन् मधात नदी आली तं दोघायलेही पूलच लागते. पण पूल कोनी मागत नाई."

"मग?"

"मंग तो पूल कागदावर आनाचं काम आमचं."

आणि पूल आला म्हणजे झालं, असंही नाही. तो ओढणारी गाडी हवी, जोडणारी माणसं हवीत, त्यांचं शिक्षण हवं, सुटे भाग हवेत, आणि एक माणूस आजारी पडला तर दुसरा हवा. एवढं सगळं एकत्र जमलं की त्याला ते 'क्षमता' म्हणत. एरवी झाडीबोलीत बोलणारे मोठेबाबा हा एकच शब्द शाळेतल्या गुरुजींसारखा उच्चारत. मी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, यातले मोठमोठे शब्द मला पाठ होते. पण त्यांचा अर्थ मला कळला तो आमच्या अंगणात.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. वर धरणाचं पाणी सोडलं की नदी आमच्या नाल्यात उलटी शिरते, रस्ता बुडतो आणि गाव दोन-तीन दिवस तुटतं. मागच्या उन्हाळ्यात तालुक्याहून एक रबरी बोट आली, इंजिनासकट. सगळा गाव खूश. त्याच सुमारास प्रणालीताई बाळंतपणाला माहेरी आली. मोठेबाबांची ती एकुलती एक लेक. मोठीआई जाऊन बरीच वर्षं झाली. ताईचे दिवस भरणार होते ते नेमके पुराच्या दिवसांत, आणि मागचं बाळ हाती लागलं नव्हतं. घरात कुणी हे बोलत नसे. मोठेबाबांच्या वहीत मात्र त्या दिवसापासून बोट हा विषय सुरू झाला.

बोटीची पूजा झाली. सरपंचांनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि उदबत्ती खोचायला केळं मिळेना म्हणून ती बोटीच्या नाकाशी टेकवून ठेवली. भाषणात ते "आता आपलं गाव सक्षम झालं" इथवर आले, तेव्हा मागे बारीक शिट्टी सुरू झाली. टाळ्या संपेपर्यंत हवा जाऊन बोट जमिनीला लागली होती.

मोठेबाबा शांतपणे उठले. "आता सांगा, ठिगळ लावणं कोनाले येते?"

कुणालाच येत नव्हतं. तिथून त्यांच्या हाती सगळं आलं.

सगळ्यात जास्त विरोध रमेशचा. तो ढिवर, मासेमारी करणारा, जन्मापासून पाण्यावर. "भाऊ, माह्या डोंग्याले ना हवा लागते ना पेट्रोल," तो म्हणाला.

"तुह्या डोंग्यात बाई झोपून जाईन का?"

रमेशने एकदा आपल्या डोंग्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो बोटीचा मुख्य झाला.

दर रविवारी गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, सराव. आजारी माणसाची जागा मोठेबाबांनी सरपंचांना दिली, कारण गावात त्यांचंच वजन सगळ्यात जास्त. सरपंच पोटावर हात ठेवून बोटीत आडवे होत आणि काठावरची पोरं ओरडत, "सरपंच, पोरगा का पोरगी?" मला मोठेबाबांनी वेळ आली की सगळ्यांना फोन करायचं काम दिलं. मी घाबरून म्हटलं, मला तर बोलताच येत नाही.

"म्हनूनच. जो कमी बोलते, त्याचा फोन लवकर संपते."

ताईला सोमवारी सावलीला नातेवाइकांकडे हलवायचं ठरलं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी, दिवस भरायला तीन आठवडे असतानाच, तिला कळा सुरू झाल्या. रस्ता आदल्या दिवशीच बुडाला होता.

मी चार फोन केले. रमेशला म्हटलं, "प्रणालीताई. आता." तो म्हणाला, "निघालो." बस.

मोठेबाबा वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाल्यावर पोचले, तोवर बोट पाण्यात होती.

"पेट्रोल..." ते म्हणाले.

"भरलं, भाऊ."

"दुसरा गडी..."

"बसला, भाऊ."

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी प्रणालीताईला धरून बोटीत निजवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. रमेशने इंजिनाची दोरी ओढता ओढता सांगितलं, "ताई, तू तं सरपंचापेक्षा हलकी हायेस." त्या कळांतही ती हसली. मोठेबाबांना कुणीच काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

बोट पलीकडे लागली, तिथे माझ्या फोनवर आलेली गाडी उभी होती. तिचं दार लागलं, गाडी गेली. बोट निरोपाची वाट पाहत पलीकडेच थांबली. मोठेबाबा ओल्या दगडावर बसले, मी बाजूला बसले. आम्ही दोघंही बोललो नाही. मला ते सोपं गेलं, त्यांना गेलं नसावं. वही मांडीवर ठेवून रिकामी पिशवी ते सारखी घडी करत होते आणि उलगडत होते.

दुपारी माझा फोन वाजला. मी ऐकलं आणि म्हटलं, "मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी मान हलवली. वही पुन्हा पिशवीत घातली आणि म्हणाले, "बावीस वर्षं कागद टाइप केले, पोरी. कागद वर जाये, तिथून कुठी जाये, कोन जाने. पूल आला म्हनतात, मी रिटायर झाल्यावर. मी लिहिलेलं काई पान्यावरून जाताना मले कधी दिसलंच नाई."

पलीकडे इंजिन सुरू झालं. बोट रिकामी परत येत होती. काठावर दोर झेलायचं काम सरपंचांचं होतं. रमेशने फेकलेला दोर त्यांनी झेलला, एकदा मोठेबाबांकडे पाहिलं, आणि तो त्यांच्या हातात दिला.

मोठेबाबांनी वही माझ्याकडे दिली, चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरले आणि बोट काठाला ओढून घेतली.