थोरला कॅमेरा, धाकटा कॅमेरा

"अहो, मागच्या रांगेतल्या बाई! तोंड दाखवा की जरा! कुठं दडवलंत?"

काळ्या कापडाखालून आलेला तो आवाज घड्याळजीच्या कानात अजून तस्साच होता. तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. वडील जाऊन वर्ष झालं होतं. कुणाच्या तरी लग्नातला गटफोटो होता आणि मागच्या रांगेतल्या बाई म्हणजे त्याची आई. फोटोग्राफरने "तीन" म्हणायला आणि आईने खाली वाकून पोराच्या बुटाची नाडी बांधायला एकच गाठ पडली. नाडी बांधलेलीच होती. आईने ती सोडली आणि पुन्हा बांधली. त्या फोटोत सगळे आहेत, अगदी न बोलावलेलेसुद्धा. आईचा मात्र अंबाडा तेवढा दिसतो, पोराच्या डोक्याआडून चंद्र उगवावा तसा.

त्यानंतर आई कुठल्याच फोटोत सापडली नाही. कॅमेरा निघाला की तिला शिंक यायची, चष्मा हरवायचा, नाहीतर गॅसवर काहीतरी उतू जायचं. गॅस बंद असला तरी जायचं. मोबाइल धरून वर उचललेला हात तर तिला पाठीमागूनही दिसायचा. मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंत आई कुठून तरी निघून जात असे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग परगावच्या बहिणीचा फोन आला.

"दादा, नव्या घरात सगळं लागलं बघ. दारातून आत आलं की समोर बाबांचा फोटो. त्यांच्या शेजारची जागा मोकळी ठेवलीय."

"कशासाठी?"

"कशासाठी काय विचारतोस? आईसाठी! डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, म्हणजे ती काही माझं घर बघायची नाही. निदान तिचा फोटो तरी माझ्या घरात येऊ दे. पाठमोरा नको हं दादा. पाठमोरी आई मला पाठ आहे."

फोनवर ती हसली, पण हसण्याचं शेवटचं टोक जरा ओलं होतं. घड्याळजीने त्याच दिवशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, आईचा फोटो काढायचा. आणि तो चांगल्या कॅमेऱ्याने काढायचा.

कॅमेरा कुठला, इथे घोडं पेंड खात होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानात नवरा-बायको दर शनिवारी जात, काचेच्या टेबलाशी भांडत, दुकानदाराचं थंड पाणी पीत आणि रिकाम्या हातांनी परत येत. घड्याळजीचा जीव डीएसएलआरवर जडला होता. नवशिक्यांसाठीचाच होता तो, पण लांब भिंग लावलं की तोफेसारखा दिसायचा. दुकानदाराच्या तोंडून एकदा निघून गेलं होतं, की बटण दाबलं की आतला आरसा उडतो आणि परत जागेवर येतो.

"उडतो? स्प्रिंगवर?" घड्याळजीचे डोळे लकाकले. "जरा उघडून दाखवता?"

"नाही," दुकानदार म्हणाला.

बायकोला हवा होता खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांकडे दवाखान्याच्या खुर्चीशेजारी उभं राहूनच बघायची.

"अहो, आमच्याकडे पहिला नियम काय? पेशंटला हत्यार दाखवायचं नाही. तुमचं हे धूड बघितलं की आई गच्चीवरून पळतील. हा धाकटा कसा मुठीत बसतो! गोड बोलायचं, मूठ पुढे करायची, की झालं."

"अगं, पण जवळ गेलीस की ती सावध होते. थोरल्याने लांबून काढता येतो. पडद्याआडून."

"आईचा फोटो काढायचाय, वाघाचा नाही."

"वाघ सोपा असतो. त्याला शिंक येत नाही."

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे दोन पिशव्यांत घातले आणि पिशव्या टेबलावर आपटल्या. "दोन्ही घेऊन जा! संध्याकाळपर्यंत वापरून बघा आणि एक ठरवा. पुढच्या शनिवारी मला तुमची तोंडं बघायची नाहीत."

"काही तारण ठेवू का?" घड्याळजीने भिडस्तपणे विचारलं.

"माझं मनगटी घड्याळ गेल्या वर्षापासून तुमच्याकडे दुरुस्तीला आहे. तेवढं तारण पुरे."

घरी आल्यावर घड्याळजीने मागच्या खोलीत, दार लावून, थोरल्याचं बटण दाबून बघितलं.

खट्याक!

"काय रे मोडलं?" बाहेरून आईचा आवाज.

"काही नाही, आई."

"स्प्रिंग तुटली वाटतं. बरीच मोठी होती."

घड्याळजीने कपाळावर हात मारला. आईचं सगळं आयुष्य घड्याळांच्या टिकटिकीत गेलं होतं. बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर दुरुस्तीला आलेली घड्याळं दाटीवाटीने टांगलेली असत आणि प्रत्येकाचं आपलं वेगळं मत असे. एकाने चार ठोके दिले की दुसरं खाकरायचं, तिसरं विचार करायचं. या घरात चार वाजायला पाव तास लागायचा. त्या गलबल्यात एक परका आवाज झाला, तरी आई तो तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाजूला काढायची.

आणि मग घड्याळजीला ती कल्पना सुचली, जी फक्त घड्याळजीलाच सुचू शकते. सगळी घड्याळं एकाच क्षणी वाजवायची! चारच्या त्या दणक्यात थोरल्याची खट्याक कुठल्या कुठे बुडून जाईल.

"अहो, त्यापेक्षा आईंना सरळ विचारा ना."

"विचारलं की गॅसवर उतू जातं. तू थांब, मला घड्याळं लावू दे."

आई जेवून आत आडवी झाली तशी तो स्टुलावर चढला. जी घड्याळं त्याने महिनोन् महिने गिऱ्हाइकांना "उद्या, नक्की उद्या" सांगत टांगून ठेवली होती, ती त्याने तासाभरात सुतासारखी सरळ केली. बायको खालून बघत होती. "हे असं रोज केलं असतंत, तर आपल्याकडे दोन्ही कॅमेरे असते," ती म्हणाली आणि धाकटा मुठीत घेऊन आपल्या मोहिमेवर निघाली.

आई उठून बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसली होती. बायकोने खांद्यावर रुमाल टाकला, चेहऱ्यावर दवाखान्यातलं हसू आणलं आणि पुढे झाली.

"आई, ती दाढ ठणकत होती ना तुमची? बघू. इकडे माझ्याकडे बघा. हं, अश्शा."

बेत असा होता, की आईने चेहरा वर केला रे केला, की बटण दाबायचं. पण ज्या बाईने आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हटलंय, तिची जीभ ऐन वेळी सवयीने वळली.

"आ करा."

आईने आ केला. धाकट्याने लख्ख डोळा मिचकावला. फ्लॅश बंद करायचा राहिला होता.

"अगं बाई! वीज पडली की काय?"

"नाही, आई... तो... दाढ बघायचा नवा दिवा आहे. दवाखान्यातला."

"एवढासा?" आई थक्क झाली. "काय बाई एकेक निघतं! मग डावीकडचीही बघ ना त्याने. वरची पण."

खोटं बोलणाऱ्याला थांबायला ओटा नसतो. बायकोने डावीकडची बघितली, वरची बघितली, दर वेळी खोली उजळली. तो लखलखाट समोरच्या घरातून शेजारीणबाईंनी बघितला आणि त्या चपला न घालताच आल्या.

"काय चाललंय हो?"

"अहो या, या! सुनेने दाढेचा दिवा आणलाय. काही दुखत नाही, खुपत नाही. बसा, आ करा!"

शेजारीणबाईंनी आ केला. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली, कारण त्याची कवळी टोचत होती. नवऱ्याने येताना वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना आणलं. चारला थोडा वेळ उरला तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून माणसं बसली होती, तोंडं उघडी होती, आणि बायको घामाघूम होऊन एकेकाच्या जबड्यात धाकटा घालत होती. आई मधोमध उभी राहून रांग लावत होती. "ढकलाढकली नको. सगळ्यांना उजेड मिळेल."

पडद्याआड घड्याळजी थोरला रोखून उभा होता. भिंगातून त्याला मास्तरांचं टक्कल दिसत होतं. टक्कल सरलं की शेजारीणबाईंचा जबडा यायचा. हातातली तोफ जड होत चालली होती. पण चार वाजायच्या जरा आधी गर्दी फाकली, आणि आई एकटी, ऐन मधे, पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. काहीतरी बोलून ती नुकतीच हसली होती, आणि ते हसू अजून तोंडावर रेंगाळत होतं. घड्याळजीने श्वास रोखला.

चार वाजले. सगळी घड्याळं एकदम वाजली.

तसला दणका आजवर कुणी ऐकला नव्हता. भिंत हादरली. मास्तरांचा जबडा जागच्या जागी मिटला. आणि आई, जिला या घरात चार वाजायला पाव तास लागतो हे जन्माचं ठाऊक होतं, गर्रकन मागे वळली आणि भिंतीकडे बघत ओरडली, "अगं बाई! सगळी एकदम कशी बरी झाली?"

खट्याक!

ती खट्याक ठोक्यांत बुडाली खरी. पण दणक्याने दचकलेल्या घड्याळजीने पडदा धरला, दांड्याने भिंत सोडली, आणि दांड्यासकट पडद्यासकट तो खोलीत अवतरला, डोळ्याला तोफ तशीच लावलेली.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी शेजारीणबाईंनी आदराने विचारलं, "हा अक्कलदाढेचा का?"

माणसं पांगली. जाताना मास्तर "परत कधी येऊ?" असं विचारून गेले. दार लागलं. आई खुर्चीत बसली आणि तिने दोघांना समोर उभं केलं, एकेकाळी आंब्याची बरणी फुटल्यावर करायची तसं.

"आणा इकडे दोन्ही दिवे."

लपवायला काही उरलंच नव्हतं. घड्याळजीने सगळं सांगून टाकलं: बहिणीचा फोन, मोकळी ठेवलेली जागा, थोरला, धाकटा. आई ऐकत होती आणि तिचे ओठ दुमडत होते. मग ती एकदम गायलीच, खालच्या आवाजात, खोडकर सुरात:

"लेकाने माझ्या गं लाविली घड्याळं
आईच्या फोटोला केवढी वावटळ!"

बायको फिसकन हसली. आईने धाकटा हातात घेतला आणि एकेक फोटो सरकवू लागली.

"ही दाढ कुणाची?"

"शेजारच्या काकूंची."

"किडलीय की! तरी कशी वर तोंड करून बोलते माझ्याशी. आणि ही?"

"ही तुमची, आई."

"छान आलीय. हीच लाव म्हणावं लेकीला दारासमोर."

आता तिघंही हसत होते. हसता हसताच आईने थोरला मांडीवर ओढला. त्यात बघण्यासारखा एकच फोटो होता. वर भिंत, भिंतीवर घड्याळांच्या दाटीत तसबीर, तसबिरीत घड्याळजीचे वडील. खाली, अगदी जवळ, आईची पाठमोरी मान आणि अंबाडा.

"बघ आई, केवढं स्पष्ट आहे!" घड्याळजी भिंगाच्या कौतुकात रंगला होता. "बाबांच्या मिशीचा केस न केस मोजून घे. तुझ्या मानेवरच्या सुरकुत्या बघ, अंबाड्यातला पांढरा—"

बायकोने त्याला चिमटा काढला. तेव्हा त्याने आईकडे बघितलं. आईचं हसू थांबलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. दुकानदार होता. "काय मंडळी, ठरलं का? थोरला की धाकटा?"

"धाकटा म्हणावं," आई खुर्चीतूनच म्हणाली. "थोरल्यात फार दिसतं."

घड्याळजीने फोन तसाच बायकोच्या हातात दिला आणि आईच्या खुर्चीशी खाली बसला.

"आई, तिला दाढ नकोय. तिला तू हवीस. एवढी वर्षं का गं पळतेस? आता तरी सांग."

पलीकडे दुकानदार "हॅलो, हॅलो" करत होता. आईने थोरल्यातला तो फोटो बोटाने पुसला, जणू त्यावर धूळ होती.

"फोटो काढला की तो भिंतीवर जाणार," ती म्हणाली. "आणि कुठं लावाल? यांच्याच शेजारी. हे तिशीत गेले, तिशीतच राहिले. मिशी काळीभोर, भांग ताजा. दर वर्षी मनात यायचं, काढावा आज, अजून जोडा शोभतोय. आणि दर वर्षी आरशात बघून वाटायचं, नको, गेलं ते वर्ष. आता त्या भिंतीवर मला यांच्याशेजारी बसवाल, आणि आलागेला विचारेल, हा तरणाबांड कोण आणि ही म्हातारी कोण, याची आई का?"

तिने मान वर केली. डोळे भरले होते आणि ओठांवर रुसवा होता, नव्या नवरीला शोभावा असा.

"तुझी आई झाले, तिची झाले, तेवढं पुष्कळ झालं रे. यांची आई व्हायचं नाही मला."