बुटाच्या आकाराचा गॅस

“जमिनीच्या वर काय आहे ते पोस्टमनसुद्धा सांगेल हो! खाली काय आहे ते विचारा. आणि ते मला विचारा!”

तेल शोधणाऱ्या त्या कंपनीच्या चौथ्या मजल्यावर हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं गेलं होतं की कॅन्टीनवाल्यालाही ते पाठ होतं. बोलणाऱ्याचं टोपणनाव होतं एक्स-रे. लोकांनी ते कुचेष्टेनं ठेवलं होतं, आणि हा गडी ते पदवीसारखं मिरवत होता!

त्याचं काम तसं ऐटीचंच. शेताशिवारात अजस्र ट्रक नेऊन जमीन दणादण ठोकायची, खालच्या खडकांवर आपटून परत येणारे आवाज तारांनी टिपायचे आणि त्या आवाजांचं चित्र बनवायचं, इथपर्यंत दुसऱ्यांनी घाम गाळायचा. मग हा एसीत बसणार. समोर पडद्यावर चारशे चौरस किलोमीटर जमिनीचा, चार किलोमीटर खोल असा एक रंगीत ठोकळा. त्याचे उभे-आडवे काप काढून हा सांगणार, “इथे भोक पाडा!”

अडचण एवढीच होती की तेवीस वर्षांत त्याच्या सांगण्यावरून कुणी एकही भोक पाडलं नव्हतं.

कॉरिडॉरच्या भिंतीवर कंपनीच्या तेलविहिरींचे फोटो होते. प्रत्येक फोटोखाली ती जागा शोधणाऱ्याचं नाव. अकरा फोटो, अकरा नावं. त्याच्यामागून आलेल्या पोराटोरांची नावं लागली. एकाची विहीर तर कोरडी निघाली, तरी नाव लागलं! एक्स-रे रोज त्या भिंतीसमोरून मान खाली घालून जायचा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि त्याला आता बाकी काही नको होतं. एक फोटो, आणि खाली आपलं नाव!

त्यातून मुख्य साहेब कोण, तर तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या ट्रकवाल्या सर्व्हे पथकाचा प्रमुख. उन्हातान्हात फिरणारा, डोक्यावर एक केस नसलेला माणूस. मुख्य साहेबाच्या खुर्चीसाठी दोघांची नावं होती. खुर्ची मिळाली टकल्याला. एक्स-रेनं अभिनंदनाचा हात पुढे केला आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

आणि मग एका सकाळी पडद्यावर त्याला तो दिसला!

ठोकळ्याच्या पूर्वेला, वरच्या थरांत, एक फिकट डाग. आजूबाजूला रेघा कशा ठसठशीत, आणि इथे मात्र पुसल्यासारखं. आडवा काप काढला तर डागाला चक्क बुटाचा आकार! टाच, तळवा, टोक, सगळं जागच्या जागी.

“गॅस!” एक्स-रे खुर्चीतून उठला. “खालून गॅस झिरपतोय वर! म्हणून खडक धूसर दिसतात. वर एवढा आहे, तर खाली किती असेल!”

आवाजांतला कचरा काढून ही चित्रं स्वच्छ करणाऱ्या बाई शेजारीच बसत. सगळे त्यांना ताई म्हणत. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, “मला वाटतं तिथे माहितीच कमी आहे. इतर ठिकाणी एकेक जागा साठ-साठ वेळा ऐकलीय. इथे जेमतेम चार-पाच वेळा. आणि हा डाग खाली जाताना निमुळता होतोय. गॅस असा नरसाळ्यासारखा वर येतो का?”

“ताई, तुम्ही धुणं धुवा. त्यातलं सोनं कुठलं ते मी बघतो.”

“निदान वरचा नकाशा तरी लावून बघा. एक बटण दाबायचंय. वर रस्ता आहे, घरं आहेत, काय आहे ते कळेल.”

“वर काय आहे ते पोस्टमन...”

“सांगेल. माहितीय मला,” ताई म्हणाल्या आणि आपल्या पडद्याकडे वळल्या. सांगणाऱ्यानं किती वेळा सांगायचं!

पुढचे आठ महिने एक्स-रेनं त्या बुटाशी संसार केला. बुटाची लांबी मोजली, रुंदी मोजली, त्याला सतरा रंगांत रंगवलं. घरी जेवताना बोटानं आमटीत बूट काढून दाखवला. बायको म्हणाली, “ओट्याखालचा गॅस संपलाय कालपासून, तो दिसत नाही. आणि दोन किलोमीटर खालचा दिसतो!” पण प्रेमात पडलेल्या माणसाला असलं काही ऐकू येतं होय?

समितीपुढे तो दीड तास बोलला. शेवटी नुसता बूट दाखवून गप्प उभा राहिला. टाळ्या वाजल्या! साहेबांनी टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, “मंजूर करायला हरकत नाही. आधी जागा बघू. सोमवारी निघायचं.”

सोमवारी साहेब, एक्स-रे आणि जागा दाखवणारा मोजणीदार असे तिघे जीपनं निघाले. साहेबांनी उन्हासाठी टोपी घातली होती. एक्स-रे मागे बसून फोटोखालचं नाव आडनावासकट लिहायचं की नुसती आद्याक्षरं, याचा विचार करत होता. नवा रुंद रस्ता, दुतर्फा नव्या इमारती. त्यानं बाहेर बघितलंच नाही. दोन तासांनी मोजणीदाराचं यंत्र टुणटुण वाजलं आणि जीप थांबली.

“हीच जागा. बुटाची टाच.”

एक्स-रेनं मान वर केली. समोर हिरवं फाटक. फाटकाची एक दांडी वाकलेली. ती त्यानंच सायकल आपटून वाकवली होती, वयाच्या नवव्या वर्षी.

ते त्याच्या बापाचं घर होतं!

अकरा वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटावरून थोरल्या भावाशी वाजलं होतं. कपाट सागवानी, दाराला आरसा. दादा म्हणाला, ते इथेच राहील. हा म्हणाला, मग मी इथे येणार नाही. आणि आला नाही. एवढ्याशा कारणावरून सख्खे भाऊ तुटतात का? तुटतात! मोठी कारणं लागतात ती परक्यांना.

फाटक उघडून दादा बाहेर आला. पांढरी दाढी, हातात झारी.

“धाकट्या?” तो म्हणाला. मग झारी खाली ठेवून पुन्हा म्हणाला, “धाकट्या! अरे, आत ये की!”

“दादा, ऑफिसच्या कामाला आलोय,” एक्स-रे कसाबसा बोलला. साहेब बघत होते.

मोजणीदारानं जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. दादानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे, ही तर आपली वस्ती! कुणी काढली रे एवढी छान? ही बघ, टाचेत आपलं घर. हा तळवा म्हणजे मागची बाग. आणि हे टोक म्हणजे कंपाउंडरचं आवार, तिथून ओढा वळतो ना!”

एक्स-रे नकाशाकडे बघत राहिला. आठ महिने, रोज दहा तास, सतरा रंगांत त्यानं आपलं घर रंगवलं होतं. आणि ते त्याला ओळखू आलं नव्हतं!

साहेब मात्र जुने सर्व्हेवाले. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “काका, तीन वर्षांपूर्वी इथे ट्रक आले होते. तुम्ही आत येऊ दिलं नव्हतंत ना?”

“ट्रक? तार टाकू दिली नाही मी!” दादा छाती काढून म्हणाला. “मी नाही, आणि वस्तीतल्या एकानंही नाही. घरोघर फिरून सांगितलं सगळ्यांना.”

म्हणजे इथे जमीन ठोकलीच नव्हती. कानही लावले नव्हते. कडेच्या शेतांतून आले तेवढेच चार-पाच आवाज, मग चित्र धूसर येणार नाही तर काय! गॅस नाही, बूट नाही, काही नाही. परवानगी न मिळालेल्या वस्तीची सीमा होती ती.

“पण का?” साहेबांनी विचारलं. “नुकसान काही होत नाही त्यानं.”

एक्स-रे घाईघाईनं नकाशा गुंडाळू लागला. त्याला आता आठवलं. अकरा वर्षांत दादाचा एकच फोन आला होता. “तुमच्या लाइनीतली माणसं आलीत रे, येऊ देऊ का?” नेमका त्याच दिवशी खुर्चीचा निकाल लागला होता. आणि फोनवर तो जे बोलला होता...

“दादा, जाऊ दे ना, आपण आत...”

“जाऊ दे कशाला? सांगतो की!” दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “साहेब, हा माझा भाऊ. बोलत नव्हता माझ्याशी, पण घराची काळजी बघा! म्हणाला, दादा, भिंतींना तडे जातील, त्यांना आत घेऊ नकोस. त्या टकल्याला तर फाटकातून पाऊलसुद्धा टाकू देऊ नकोस! म्हटलं, भावानं इतक्या वर्षांनी शब्द टाकलाय, तो मोडायचा नाही. ट्रकवाले चार वेळा आले. चारही वेळा हाकलले!”

साहेबांनी सावकाश टोपी काढली.

“नमस्कार, काका,” ते म्हणाले. “तो टकला मीच.”

दादानं टकलाकडे बघितलं, मग भावाकडे. त्याला काहीच कळलं नाही. एक्स-रेला मात्र सगळं कळत होतं. भिंतींची काळजी नव्हती त्याला, घराचीही नव्हती. टकल्याचं काम अडावं, एवढ्याच जळफळाटानं तो बोलला होता. आणि या वेड्या माणसानं ती माया समजून तीन वर्षं उराशी धरली होती! त्याला अशी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली काय आहे, ते तरी कुठे माहीत होतं?

“माझं काही चुकलं का रे?” दादानं हळूच विचारलं.

“नाही दादा,” तो म्हणाला. खरं बोलायची हिंमत त्याला तेव्हाही झाली नाही.

विहीर अर्थातच रद्द झाली. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं! त्यांनी तो बूट मोठा छापून घेतला, चौकटीत बसवला आणि नव्या भरतीच्या शिकवणीवर्गात लावला. वर अक्षरं, ‘असं करू नये’. खाली एक्स-रेचं नाव, आडनावासकट. दर सोमवारी वीस नवी पोरं त्यासमोर बसून हसतात. ताई हसत नाहीत. त्या नुसत्या चष्मा पुसतात, आणि ते जास्त लागतं.

बायकोनं फोनवर जावेला सांगून टाकलं की ह्यांचं नाव भिंतीवर लागलं. संध्याकाळी दादाचा फोन. “फोटो पाठव, फोटो!” किती टाळणार? वरची ओळ कापून त्यानं फोटो पाठवला.

दादानं तो आता पुढच्या खोलीत लावलाय, वडिलांच्या कपाटाशेजारी. येईल त्याला हाताला धरून दाखवतो. “हे आमचं घर. धाकट्यानं शोधून काढलं, थेट जमिनीखालून!”

“मग आहे काय हो खाली?” लोक विचारतात.

“ते त्यालाच विचारा,” दादा म्हणतो. “त्याला सगळं दिसतं.”